महासाथीत शाळा उघडायची तर आधी वर्गातली हवा बघा

तुमचा प्रश्न असा आहे: साथ अजून पुरती ओसरलेली नाही, तरी शाळा सुरू करायचं ठरलंय. तुम्ही पालक समितीत आहात. दारात सॅनिटायझर आलं, ताप मोजायचं यंत्र आलं, जमिनीवर गोल आखून झाले. तरीही पालक विचारतायत, ‘आता शाळा शंभर टक्के सुरक्षित आहे ना?’ त्यांना काय सांगायचं?

‘नाही’ असंच सांगा. साथ चालू असताना माणसं एकत्र येणारी कुठलीच जागा शंभर टक्के सुरक्षित नसते, आणि एकदा तसं आश्वासन दिलं की पहिला बाधित सापडेल त्या दिवशी पालकांचा तुमच्यावरचा विश्वास जातो. त्याऐवजी सांगा की धोका कुठून येतो ते आम्हाला ठाऊक आहे, तो कमी करायला आम्ही अमुक अमुक केलंय आणि कोणी आजारी पडलं तर त्याच दिवशी तुम्हाला कळेल. एवढं खरेपणानं सांगता आलं, तर बहुतेक पालक मुलांना पाठवतात, हा माझा अनुभव आहे.

मी बावीस वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. कोविडच्या काळात आमची शाळा दोनदा बंद होऊन दोनदा उघडली आणि दोन्ही वेळा तयारीच्या गटात मी होते. पहिल्या वेळी आम्ही काय चुकलो ते आधी सांगते, कारण तुमची यादी वाचताना मला आमचीच यादी आठवली.

आम्ही आठवडाभर बाकं पुसली. दाराच्या कड्या दर तासाला पुसायला माणूस नेमला. फाटकावर प्रत्येक मुलाच्या कपाळावर यंत्र धरलं. रांग इतकी लांब व्हायची की आत येण्याआधीच मुलं अर्धा तास एकमेकांना चिकटून उभी असायची. आणि वर्गाच्या खिडक्या? रस्त्याचा आवाज येतो म्हणून त्या बंदच होत्या. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक स्टाफरूममध्ये मास्क काढून, गोल करून जेवायला बसायचो. मुलांना अंतर ठेवायला सांगून आलेलो आम्ही, तिथे मात्र एकमेकांच्या डब्यांत डोकावत होतो. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातले चौघं आजारी पडले. चौघंही एकाच टेबलावर बसणारे. त्यांच्या वर्गांतल्या मुलांपैकी त्या वेळी कोणालाच काही झालं नाही. इंग्लंडमध्ये २०२०च्या उन्हाळ्यात शाळा अंशतः उघडल्या तेव्हाच्या नोंदींतही असंच दिसलं होतं: शाळेतला संसर्ग बऱ्याचदा एका मोठ्या माणसाकडून दुसऱ्या मोठ्या माणसाला होत होता. म्हणून समितीला माझी पहिली विनंती अशी की स्टाफरूमचं काय करायचं ते वर्गांच्याही आधी ठरवा. जेवण शक्यतो उघड्यावर, नाहीतर पाळी लावून. शिक्षकांना यात कमीपणा वाटता कामा नये. मुलांची शाळा चालू राहायची तर शिक्षक धडधाकट राहायला हवेत.

आता हवेबद्दल. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बोलताना, गाताना, मोठ्यानं वाचताना तोंडातून निघणारे अगदी बारीक तुषार बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. जुलै २०२०मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या संसर्गाकडे लक्ष वेधलं. पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं, म्हणजे सीडीसीनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकाहूनही कमी आहे. हात धुवायलाच हवेत, इतर आजारांसाठीही. पण तुमचे पैसे आणि माणसं मोजकी असतील, तर बाकं पुसणारा माणूस खिडक्यांवर नेमा.

दुसऱ्या वेळी आम्ही एक छोटं कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं. आपण उच्छ्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे त्याचा आकडा वाढला की समजायचं, एकमेकांनी सोडलेली हवाच आपण पुन्हा आत घेतोय. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो सुमारे ४२० असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. वर्गात ८००च्या आत राहिला तर उत्तम, हजाराच्या वर गेला तर काहीतरी करायलाच हवं. तिसरीच्या वर्गात तीस मुलं बसवून, खिडक्या लावून आम्ही ते टेबलावर ठेवलं. पंचवीस मिनिटांत आकडा ६००वरून दीड हजाराच्या पुढे गेला. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि दार उघडलं. पाच-सात मिनिटांत तो खाली यायला लागला, आणि मुलं डोळे मोठे करून बघत राहिली. त्या दिवसापासून खिडकी उघडी ठेवा असं कोणाला सांगावं लागलं नाही. मुलंच ओरडायची, ‘बाई, हजार झाले!’

यंत्र मिळत नसेल तर तेवढ्यासाठी अडू नका. वर्गाच्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात छताजवळ पातळ कागदाची पट्टी दोऱ्यानं टांगा. खिडक्या-दारं उघडल्यावर ती हलत नसेल, तर तिथल्या मुलांपर्यंत हवा पोचत नाही. आमच्या एका वर्गात खिडक्या एकाच बाजूला होत्या. पट्टी ढिम्म हलेना. तिथे आम्ही एक पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेनं तोंड करून बसवला, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाते आणि दारातून ताजी आत येते. नुसता छताचा पंखा तीच हवा घुसळतो, हे आम्हाला तोवर सुचलंही नव्हतं. वातानुकूलित वर्गाचंही तसंच. बहुतेक यंत्रं आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतात.

थंडीच्या प्रदेशात खिडक्या सतत उघड्या ठेवता येत नाहीत. जर्मनीत दर वीस मिनिटांनी तीन ते पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, असा सल्ला शाळांना दिला होता. जिथे खिडक्या उघडतच नाहीत तिथे हवा गाळणारं यंत्र ठेवावं लागतं. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथाल या दोघांच्या नावानं ओळखली जाणारी पेटी कोणालाही घरी बनवता येते. चार चांगल्या दर्जाचे चौकोनी फिल्टर उभे जोडायचे, वर एक चौकोनी पंखा बसवायचा आणि फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या. आमच्याकडे सातवीच्या मुलांनी हस्तव्यवसायाच्या तासाला अशा दोन पेट्या केल्या. पंख्याचा थोडा आवाज होतो. शिकवताना चढ्या आवाजात बोलावं लागतं, त्याची सवय होते.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. क्षयरोगाच्या काळात, १९०४ साली, बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्गमध्ये झाडाखालची शाळा सुरू झाली. १९०८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे मुलं ऐन हिवाळ्यात, खिडक्या उघड्या टाकून, अंगाभोवती जाड पांघरुणं गुंडाळून शिकली. एप्रिल २०२०मध्ये डेन्मार्कनं युरोपात सगळ्यात आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, तेव्हा त्यांनी छोटे गट केले आणि जमेल तितके तास बाहेर घेतले. तुमच्याकडे मैदान असेल, मोठं झाड असेल, गच्चीवर सावली असेल, तर कविता, पाढे, मोठ्यानं वाचन हे सगळं तिकडे न्या. लिहायचे तास आत ठेवा.

उलट बाजूही बघा. इस्रायलमध्ये मे २०२०मध्ये शाळा पूर्ण भरल्या. जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत एकेका वर्गात ३५ ते ३८ मुलं होती. त्यात उष्णतेची लाट आली, म्हणून काही दिवस मास्कची सूट मिळाली आणि वातानुकूलन सतत चालू राहिलं. सुमारे १,१६० विद्यार्थ्यांपैकी १५३ आणि सुमारे १५० कर्मचाऱ्यांपैकी २५ जण बाधित झाले. गर्दी, मास्क नाही, बंद हवा. तीनही गोष्टी एकाच वेळी सुटल्या की काय होतं ते तिथे दिसलं.

मास्कवरून तुमच्या समितीत वाद होईल, आमच्यातही झाला. माझं मत असं: साथ जोरात असताना आत बसलेल्या सगळ्यांनी घालावा आणि त्याची सुरुवात शिक्षकांनी करावी. अगदी लहान मुलांवर आणि ज्यांना श्वासाचा किंवा ऐकण्याचा त्रास आहे त्यांच्यावर सक्ती करू नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२०च्या अखेरीस १६९ प्राथमिक शाळा तपासल्या, तेव्हा जिथे शिक्षक-कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता तिथे संसर्ग ३७ टक्के कमी आढळला आणि जिथे हवा खेळती करायला काही केलं होतं तिथे ३९ टक्के कमी. साथ उतरली की मास्क काढायची तारीखही आधीच सांगून ठेवा. कधी संपणार हे ठाऊक असलं की माणसं नियम पाळतात.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती. मे २०२१, कॅलिफोर्निया. एका प्राथमिक शिक्षकाला नाक चोंदणं, थकवा असा त्रास होत होता. अ‍ॅलर्जी असेल असं वाटून काम चालू राहिलं. लस घेतलेली नव्हती. मुलांना गोष्ट वाचून दाखवताना मास्क खाली यायचा. त्या वर्गात बाकांमध्ये सहा फूट अंतर होतं, खिडक्या-दारं उघडी होती, हवा गाळणारं यंत्रही होतं. तरी २४ पैकी १२ मुलं बाधित झाली. शिक्षकाच्या जवळच्या दोन रांगांत दहापैकी आठ, मागच्या तीन रांगांत चौदापैकी चार. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसून होते. कणकण असताना ‘आजचा तास बुडायला नको’ म्हणून मीही वर्षानुवर्षं शाळेत गेले आहे. तो आम्ही कामसूपणा समजायचो.

म्हणून समितीत भांडायचंच असेल तर यासाठी भांडा: आजारी असेल त्यानं घरी राहावं आणि घरी राहिल्याचा कोणालाही तोटा होऊ नये. शिक्षकाची रजा कापली जाणार असेल, रोजंदारीवरच्या मावशींचा दिवस बुडणार असेल, पूर्ण हजेरीचं बक्षीस मुलाच्या हातून जाणार असेल, तर लोक सर्दी लपवतात. आमच्याकडे पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र त्या वर्षी बंद केलं. मावशींना आजारपणाचे दिवस पगारी मिळावेत म्हणून पालकसभेत दोन तास वाद झाला. ते मंजूर झालं तेव्हा एक मावशी मला म्हणाल्या, “बाई, मागच्या वेळी मला तीन दिवस ताप होता, गोळी खाऊन यायचे.” त्यांचं कपाळ रोज फाटकावर तपासलं जात होतं. गोळी घेतली की यंत्रात ताप दिसत नाही.

लस उपलब्ध असेल तर शिक्षक, कर्मचारी, बसचालक यांचं लसीकरण आधी करून घ्या. चाचण्या सहज मिळत असतील तर एका बाधितामागे अख्खी शाळा बंद करायची गरज नसते. त्या तुकडीची चाचणी करून बाकीची शाळा चालवता येते. त्यासाठी तुकड्या एकमेकींत मिसळू देऊ नका. किती बाधित आढळले की तुकडी घरी, किती आढळले की शाळा बंद, हे शाळा उघडायच्या आधी लिहून फळ्यावर लावा. घाबरलेल्या संध्याकाळी घेतलेले निर्णय धड होत नाहीत.

ज्या पालकांच्या घरी गंभीर आजारी माणूस आहे त्यांच्या मुलांना घरून शिकायची मुभा ठेवा. त्यांना भित्रे ठरवू नका.

आणि कोणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा बंदच ठेवू की. त्यांना बंदची किंमत सांगा. एप्रिल २०२०मध्ये १९०हून जास्त देशांत शाळा बंद होत्या, सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. कोट्यवधी मुलांचं शाळेतलं जेवण तुटलं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून समजत नाही अशी दहा वर्षांची मुलं साथीआधी शंभरात ५७ होती. २०२२मध्ये जागतिक बँकेचा अंदाज ७०पर्यंत गेला. माझ्या वर्गात दुसरीत आलेल्या एका मुलीनं पहिली पूर्णपणे फोनवर केली होती. पहिल्या दिवशी तिनं पेन्सिल मुठीत धरली, आणि शेजारच्या मुलाचा हात चुकून लागला तर दचकून बाजूला सरकली. म्हणून पहिले दोन आठवडे अभ्यासक्रम मागे राहिला तरी चालेल, मुलांना बोलू द्या, चित्रं काढू द्या, घरात कोणी गेलं असेल तर ते सांगू द्या. तेही उघड्या खिडक्यांजवळ.

तुमच्या वर्गांची लांबी, रुंदी, उंची, खिडक्या कोणत्या भिंतीत आहेत आणि पटावर किती मुलं आहेत, एवढं इथे लिहिलंत तर पंखे कुठे बसवायचे आणि एका वेळी किती मुलं बसवावीत, हे बघून कळवते.