देणे मिटले, सिबिल मात्र तिथेच!

इचलकरंजीत आमची यंत्रमागाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, ती बुडाली. कर्जाला मी आणि धाकटा भाऊ जामीनदार. बँकेने माझ्याविरुद्ध एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज केला. परतफेडीचा आराखडा मंजूर झाला, मी ठरल्याप्रमाणे पैसे भरले आणि मुक्ततेचा आदेशही मिळाला. तरीही सिबिल या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात थकबाकी जशीच्या तशी आहे आणि स्कोअर 540. मग आदेश मिळवून काय साधले? – एक वाचक

साधले हे की त्या कर्जापायी बँक आता तुमच्या दारात येऊ शकत नाही. ही छोटी गोष्ट नाही. पण न्यायाधिकरण देणे मिटवते, मागचे पान फाडून टाकत नाही. कंपनीच्या जामीनदारांसाठी नादारी व दिवाळखोरी संहितेची कलमे 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली. मुक्ततेचा आदेश त्या कायद्याखालच्या मंडळाच्या नोंदवहीत जातो. सिबिलला आकडे पाठवते ती मात्र तुमची बँक. खटला पाहणारे वकील वेगळे, वसुली खाते वेगळे, डेटा पाठवणारा संगणकासमोरचा माणूस तिसराच. मी स्वतः बँकेत अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून सांगतो : आदेशाचा कागद या तिघांमध्ये आपल्या पायांनी चालत जात नाही. तो तुम्हीच पोहोचवायचा.

आदेशाची प्रमाणित प्रत जोडून बँकेच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. मागणी एकाच वाक्यात करा : 'या खात्यावरील थकबाकी शून्य दाखवावी.' 'राइट-ऑफ हा शब्दच काढा' असे लिहू नका. खाते खरोखर निर्लेखित (राइट-ऑफ, म्हणजे बुडीत धरून बँकेच्या हिशेबातून काढलेले) झाले असेल तर ती नोंद खोटी नाही, आणि पतमाहिती कंपन्यांना जुनी माहिती किमान 7 वर्षे जपावी लागते. मुक्ततेनंतरही थकबाकीचा आकडा उभा असणे ही मात्र चूक आहे आणि ती दुरुस्त होते.

त्याच वेळी सिबिलकडे तक्रार नोंदवा. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या इतर पतमाहिती कंपन्यांचे अहवालही मागवा. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एकीकडची चूक सुधारली म्हणून बाकी तिघींकडची सुधारली असे धरून चालू नका. तक्रारीला 30 दिवसांची मुदत असते, त्यातले 21 दिवस बँकेचे. मुदत उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. पतमाहिती कंपन्याही आता त्याच्या कक्षेत येतात.

तुम्ही विचारले नाही, पण भावाचे सांगायलाच हवे. तुमच्या मुक्ततेने त्यांची जामीनकी सुटत नाही, कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. दोघे भाऊ एकाच आदेशावर निर्धास्त झालेले मी पाहिले आहेत. त्यांना वकिलाकडे घेऊन जा.

माझे किराणा दुकान बुडाले. 3 वर्षांपूर्वी जिल्हा न्यायालयाने मला नादार ठरवले. आता लहानशी नोकरी आहे. हप्त्यावर मोबाइल घेतला तर सिबिल सुधारायला सुरुवात होईल का? – एक वाचक, परभणी

आधी एक सांगा : न्यायालयाने तुम्हाला *मुक्त* केल्याचा आदेश हातात आहे का? तुमच्या पत्रात तो कुठे दिसत नाही, आणि सारे त्यावरच अडले आहे.

नव्या संहितेतली सर्वसामान्य व्यक्तींसाठीची कलमे अजून लागू झालेली नाहीत. म्हणून मुंबईत 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा नादारी कायदा चालतो. कायद्याचे वय त्यातल्या आकड्यांवरून कळते. मुक्त न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता 50 रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 50 रुपयांत आज दोन वडापावही जेमतेम येतात, पण आकडा कुणी बदललेला नाही. तेव्हा मोबाइल रोखीने घ्या आणि पहिले काम मुक्ततेच्या अर्जाचे करा. स्कोअर नंतर बघू.

क्रेडिट कार्डाचे 1 लाख 80 हजार होते, 70 हजारांत सेटलमेंट केली. आता एक एजंट 15 हजारांत 'सेटल्ड' शिक्का पुसून देतो म्हणतो. देऊ का? – पिंपरी

देऊ नका. तो करणार असलेली तक्रार तुम्ही घरबसल्या फुकट करू शकता, आणि 'सेटल्ड' ही खरी नोंद असल्याने ती तक्रार फेटाळली जाईल. ती बदलण्याचा सरळ मार्ग एकच : सोडलेली रक्कम भरायला तयार आहोत असे बँकेला सांगायचे, आणि पैसे देण्याआधी 'खाते क्लोज्ड म्हणून कळवू' असे लेखी घ्यायचे. जुने व्याज, दंड सोडा म्हणून घासाघीस करा, बँका कधीकधी ऐकतात. तडजोड केलेल्या बँकेकडून मात्र किमान 12 महिने नवे कर्ज मिळत नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

यजमानांच्या नादारीने माझा स्कोअर खराब होईल का? – सांगली

नाही, ताई. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठे सही केली नसेल तर. अहवाल मागवून खात्री करा. 'इथे फक्त सही कर' म्हणून केलेल्या सह्या बायकांना पुष्कळदा आठवत नाहीत.

सगळे कागद स्वच्छ झाले, आता कुणीच कर्ज देत नाही. सुरुवात कुठून करू? गृहकर्ज किती वर्षांनी मिळेल? – ठाणे

मुदत ठेवीवरच्या क्रेडिट कार्डापासून. 20–25 हजारांची एफडी करा. तिच्या साधारण 75 ते 90 टक्के मर्यादेचे कार्ड मिळते आणि मागचा इतिहास फारसा आड येत नाही. त्यावर फक्त विजेचे आणि गॅसचे बिल भरा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहा आणि पूर्ण बिल मुदतीआधी चुकते करा. 'मिनिमम ड्यू' भरून समाधान मानणारे पुन्हा माझ्याकडे येतात. सहा-आठ महिन्यांनी हवे तर एक छोटे सोनेतारण घ्या, पण बँकेत. भिशी कितीही चोख भरली तरी सिबिलला दिसत नाही. पतसंस्थेत आधी विचारा : 'परतफेड पतमाहिती कंपनीला कळवता का?' बहुतेकदा उत्तर नकाराचेच असते.

गृहकर्जाचे वर्ष मी सांगणार नाही, प्रत्येक बँकेचे धोरण निराळे. पण अहवालात दर महिन्याच्या उशिराचे दिवस 36 महिन्यांपर्यंत दिसतात, त्यामुळे अधिकारी आधी तो तक्ता बघतो. तो सलग शून्यांनी भरत आला की बोलणे सुरू होते. तोवर दर आठवड्याला नव्या ॲपवर अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा स्कोअर मात्र हवा तितक्या वेळा बघा, त्याने तो कमी होत नाही. आणि बँकेत गेलात की नादारीची गोष्ट पहिल्या भेटीतच सांगा, आदेशाची प्रत पुढे ठेवून. अधिकाऱ्याला ती नंतर अहवालात सापडली तर फाइल तिथेच थांबते.