पॅराशूट पॅक करायला स्कायडायव्हरला किती वेळ लागतो?

आपला प्रश्न असा आहे की, स्कायडायव्हिंग करणाऱ्यांना एक पॅराशूट पॅक करायला किती वेळ लागतो आणि ते काम ते स्वतः करतात की दुसऱ्या कोणावर सोपवतात. पुढच्या महिन्यात दुबईला टँडेम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायची, उडी मारायची असल्यामुळे, घाईघाईत बांधलेले पॅराशूट आपल्या वाट्याला तर येणार नाही ना, अशी धास्तीही आपण बोलून दाखवली आहे. मी गेली सात वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात उड्या मारते आहे आणि त्यांतील बहुतेक उड्यांचे पॅराशूट माझे मीच बांधले आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी आकडे सांगते. हात बसलेल्या स्कायडायव्हरला आपले मुख्य पॅराशूट बांधायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात. दिवसभर तेच काम करणारे पगारी पॅकर ते सहा ते आठ मिनिटांत बांधतात. नवशिक्याला पाऊण तास सहज लागतो. मला पहिल्या वेळी एक तास दहा मिनिटे लागली होती. टँडेमचे पॅराशूट आकाराने दुप्पट असल्यामुळे सरावलेला माणूसही त्याला पंधरा-वीस मिनिटे देतो. आणि ज्याला आपण राखीव पॅराशूट म्हणू, त्या रिझर्व्हला तपासणीसकट काही तास लागतात. ‘पॅराशूट’ हा एकच शब्द वापरला तरी स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या बॅगेत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि रिझर्व्ह. ती बांधण्याचे नियम वेगळे, बांधणारी माणसेही बहुधा वेगळी.

मुख्य पॅराशूटची गोष्ट पाहू. माझी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचे कापडी छत्र, १७० चौरस फुटांची आहे. जमिनीवर पसरली तर एखादी लहान खोली भरून जाईल एवढे हे नायलॉनचे कापड शेवटी उशीएवढ्या पिशवीत बसवायचे असते. उतरल्यावर कॅनोपी कवेत घेऊन हँगरमध्ये यायचे आणि गालिचावर दोऱ्या सरळ ताणून ठेवायच्या. हे काम उन्हात करत बसू नये, कारण अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होते. मग दोऱ्यांचे गट बोटांमध्ये धरून बॅगेपासून कॅनोपीपर्यंत चालत जायचे. कुठे पीळ नाही, एखादी दोरी दुसरीला ओलांडून गेलेली नाही आणि बॅग दोऱ्यांच्या मधून उलटलेली नाही, याची खात्री या चालण्यातच होते. दिशा देणाऱ्या ब्रेकच्या दोऱ्या त्यांच्या ठरलेल्या जागी अडकवायच्या. मग सगळी कॅनोपी खांद्यावर टाकून तिच्या समोरच्या तोंडांपासून शेपटापर्यंत एकेका कप्प्याचे कापड दोऱ्यांच्या गटांमधून बाहेर काढत चुण्या घालायच्या.

लुगड्याच्या निऱ्या घालताना पाहिलेल्या कोणालाही ही हालचाल चटकन ओळखू येईल. अंगठा आणि तर्जनी यांत काठ धरायचा, दुसऱ्या हाताने कापड ओढून घ्यायचे, पहिल्या चुणीवर दुसरी बसवायची. (नऊवारीचा विषय निघालाच आहे तर सांगते, की पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून स्कायडायव्हिंग केले होते. उडी मारताना सैल कापडाचा एक पदरही हँडलच्या आड येऊन चालत नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या उडीमागची तयारी कळेल.) फरक एवढाच, की साडीची निरी दिसायला नीट हवी आणि इथे ती हवेत योग्य क्रमाने सुटायला हवी.

यानंतर स्लायडर येतो. हा कापडाचा एक चौकोनी तुकडा असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना धातूची कडी असतात आणि त्यांतून दोऱ्यांचे चार गट ओवलेले असतात. पॅक करताना तो दोऱ्यांच्या वरच्या टोकाला, कॅनोपीला अगदी चिकटून असला पाहिजे. उडीत ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कॅनोपी एका क्षणात पूर्ण फुलली, तर तो झटका शरीराला सोसणार नाही. स्लायडर दोऱ्यांना एकत्र धरून ठेवतो आणि वाऱ्याशी झगडत हळूहळू खाली सरकतो. त्यामुळे कॅनोपीला पूर्ण उघडायला तीन-चार सेकंद मिळतात. तो पॅकिंगमध्येच खाली घसरलेला असेल तर उघडणे जोराचे होते. मी तो धक्का एकदा खाल्ला आहे आणि त्यानंतर चार दिवस मान वळत नव्हती.

खरी झटापट पुढे आहे. चुण्या घातलेली कॅनोपी शेपटाच्या कापडात गुंडाळून जमिनीवर निजवायची आणि तिच्यावर गुडघे टेकून, छाती टेकून आतली हवा काढायची. नवीन कॅनोपीच्या कापडातून हवा जवळजवळ आरपार जात नाही आणि ते अतिशय निसरडे असते. एका बाजूने दाबावे तर दुसऱ्या बाजूने ते फुगून बाहेर येते, पिशवीत अर्धे घातलेले हाताखालून सुटते, आणि वीस मिनिटांची मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. नवशिक्यांचा सगळा वेळ इथे जातो. शंभरेक वेळा बांधून झाले की हाताला कळते की हवा ढकलायची नसते, तिला बाहेर पडायला वाट ठेवायची असते, आणि मग त्याच कामाला तीन मिनिटे पुरतात. कॅनोपी पिशवीत गेली की दोऱ्या रबर बँडांमध्ये थोड्या थोड्या करून अडकवायच्या, पिशवी पाठीवरच्या बॅगेत ठेवायची, झडपा एकावर एक आणून बारीक दोरीच्या फाशातून पिन सरकवायची आणि छोटे पायलट शूट खालच्या खिशात घडी करून ठेवायचे. उडीत हेच पायलट शूट हाताने वाऱ्यात फेकले जाते. ते पिन ओढते आणि बाकी सगळे त्यामागून बाहेर येते.

ही सगळी हकीकत सांगण्याचे कारण असे, की बाहेरच्या माणसाला वाटते तसा हा वेळ सुबक घडीसाठी लागत नाही. घडी थोडी ओबडधोबड असली तरी कॅनोपी बहुधा उघडते; समोरून येणारा वाराच तिला उघडतो. फार तर ती एका बाजूला वळून उघडेल किंवा दोऱ्यांना एखादा पीळ पडेल. परंतु दोऱ्या मोकळ्या आहेत ना, ब्रेक बसवले आहेत ना, स्लायडर वर आहे ना, पायलट शूट उघडण्याच्या स्थितीत ताणले आहे ना आणि त्याला कॅनोपीशी जोडणारी पट्टी कुठे अडकलेली नाही ना, या पाच गोष्टींत माफी नाही. या पाचही गोष्टी पाहायला मिळून दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. म्हणून सहा मिनिटांत बांधणारा पॅकर निष्काळजी असतो असे नाही, आणि तासभर खपणारा नवशिक्या सुरक्षित असतो असेही नाही. कोणाला किती वेळ लागला हे मी विचारत नाही. पायलट शूटची खिडकी पाहिलीस का, एवढे मात्र नक्की विचारते.

ही खिडकी काय, ते माझ्या एका चुकीवरून सांगते. पॅराशूट उघडून झाल्यावर पायलट शूट मागे फुगलेले राहिले तर कॅनोपीला नाहक ओढत राहते. म्हणून त्याच्या पट्टीच्या आतून एक दोरी नेलेली असते आणि कॅनोपी उघडताच ती त्याला मिटवून टाकते. पुढच्या उडीसाठी पॅक करताना ही दोरी हाताने ओढून पायलट शूट पुन्हा ताणावे लागते. ते ताणले आहे की नाही हे कळावे म्हणून पट्टीला एक छोटी खिडकी ठेवलेली असते. ताणलेले असेल तर तिच्यातून रंगीत दोरी दिसते. एका शनिवारी दुपारी पुढच्या विमानाला जेमतेम पंचवीस मिनिटे उरली होती. मी अकरा मिनिटांत पॅराशूट बांधले, आणि त्या वेळी तो माझा सर्वांत कमी वेळ असल्यामुळे मला त्याचा आनंदही झाला. विमानाकडे निघण्यापूर्वी आम्ही एकमेकांच्या पिना तपासतो. मैत्रिणीने माझ्या बॅगेची झडप उचलली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हिरवे दिसत नाही.” मी पायलट शूट ताणलेच नव्हते. तसेच वर गेले असते तर ते मिटलेल्या अवस्थेत माझ्या मागे फडफडत राहिले असते, कदाचित पिशवी बाहेर ओढण्याचा जोर त्याला आला नसता, आणि मला रिझर्व्हचे हँडल ओढावे लागले असते. मी त्या विमानातून नाव काढून घेतले, बॅग उघडली आणि सगळे पहिल्यापासून बांधले. त्याला अठरा मिनिटे लागली. तेव्हापासून पिशवीला हात लावण्याआधी मी ती दोरी ओढते आणि खिडकीतला रंग पाहून त्याचे नाव मोठ्याने उच्चारते. आजूबाजूच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

रिझर्व्हचे काम सामान्य स्कायडायव्हरच्या हाती दिलेच जात नाही. अमेरिकेत ते केवळ सरकारी प्रमाणपत्र असलेला रिगर, म्हणजे पॅराशूट बांधणारा व तपासणारा तंत्रज्ञ, करू शकतो, आणि त्या प्रमाणपत्रासाठी त्या प्रकारची किमान २० पॅराशूट पॅक करून लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. रिझर्व्ह वापरले गेले नाही तरीही दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा बांधावे लागते. २००८ च्या अखेरीपर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. रिगर कॅनोपीची प्रत्येक शिवण उजेडात धरून पाहतो, दोऱ्या आणि पट्टे तपासतो, आणि ठरलेल्या उंचीच्या खाली माणूस अजून वेगाने पडत असेल तर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राची मुदत बघतो. त्यानंतरच तो कॅनोपी बांधायला घेतो. ही घडी मात्र निर्मात्याने सांगितलेल्या मापाबरहुकूम, अगदी काटेकोर असते. शेवटी पिनेला लाल धागा बांधून त्यावर शिशाची मोहोर उमटवली जाते आणि कार्डावर तारीख व सही होते. मी एकदा परवानगी घेऊन माझ्या रिगरशेजारी बसून हे पूर्ण पाहिले. सकाळी नऊला सुरू झालेले काम दुपारी जेवणाच्या वेळेला संपले, आणि त्या अवधीत तो माणूस फोनलासुद्धा शिवला नाही.

मुख्य पॅराशूटचा नियम सैल आहे. ते रिगर बांधू शकतो, त्याच पॅराशूटने पुढची उडी मारणारा स्वतः बांधू शकतो, किंवा रिगरच्या थेट देखरेखीखाली दुसरा कोणी बांधू शकतो. मोठ्या ड्रॉपझोनवरचे, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या तळावरचे, पॅकर या तिसऱ्या गटात येतात. त्यांना दर पॅराशूटमागे पैसे मिळतात, दिवसभर त्यांचे गुडघे गालिचावर टेकलेले असतात, आणि कामाचा उरक असा की पाहत राहावे. इथे १२,५०० फुटांवर न्यायला विमानाला पंधराएक मिनिटे लागतात, मुक्त पडणे जेमतेम एक मिनिटाचे आणि कॅनोपीखाली पाच मिनिटे. म्हणजे स्वतः पॅक करणाऱ्याचे त्या मिनिटभरापेक्षा कितीतरी जास्त आयुष्य गालिचावर जाते. दिवसात दहा उड्या मारायच्या असतील तर पॅकर लावणे समजण्यासारखे आहे. तरीही ज्याला हा खेळ करायचा आहे त्याने स्वतः बांधायला शिकलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि अमेरिकेत पहिला, म्हणजे किमान २५ उड्यांनंतरचा, ‘ए’ परवाना मिळवताना ते करून दाखवावेच लागते. सैन्यात चित्र वेगळे असते. तिथे उडी मारणारा सैनिक पॅराशूट बांधत नाही. ते प्रशिक्षित जवान लांब टेबलांवर बांधतात. अमेरिकी लष्करात अशी पद्धत आहे की रिगरने स्वतः पॅक केलेले कोणतेही पॅराशूट लावून उडी मारण्याची तयारी ठेवली पाहिजे. ही अट मला फार योग्य वाटते.

आता आपल्या दुबईच्या उडीविषयी. टँडेममध्ये आपण प्रशिक्षकाच्या पुढे पट्ट्यांनी बांधलेले असता आणि मुख्य पॅराशूट, रिझर्व्ह व आपोआप उघडणारे यंत्र हे सर्व त्याच्या पाठीवर असते. पॅराशूट कोणीही बांधलेले असो, त्याचाही जीव त्याच दोऱ्यांना टांगलेला असतो आणि चढण्यापूर्वी तो पिना व हँडल तपासतोच. दोन माणसांचे वजन पेलणारी ही कॅनोपी ३३० ते ४०० चौरस फुटांची असते. आपल्याला पॅकर घाईत दिसला तर ती सरावाची चपळाई असण्याचाच संभव जास्त. उतरल्यावर आपले व्हिडिओ हाती येईपर्यंत थोडा वेळ जाईल. तेवढ्यात परवानगी घेऊन पॅकिंगच्या जागेपाशी जाऊन उभे राहा. ज्या कॅनोपीखाली आपण आलात तीच बहुधा तिथे पुढच्या प्रवाशासाठी पसरलेली असेल. दोऱ्या बोटांत धरून चालत जाणारा माणूस पाहा, स्लायडर वर नेऊन बसवताना पाहा, आणि पिशवीला हात घालण्यापूर्वी तो कुठे कुठे थांबतो, तेही पाहा.