हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

सोलापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वडिलांमागे तुझ्याकडे आलेला घराचा आणि यंत्रमागाच्या शेडचा अर्धा हिस्सा थोरल्या भावाच्या नावे सोडायचा, नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि आश्रमात कायमचे राहायला जायचे असे तू ठरवले आहेस, आणि माझ्याकडून तुला हक्कसोडपत्राचा मसुदा तेवढा हवा आहे. मसुद्याचे काय, तो माझा कारकूनही करून देईल. अडचण वेगळीच आहे. घर आणि शेड वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, आणि मृत्युपत्र त्यांनी केलेले नाही. तेव्हा १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुझी आई, तुम्ही दोघे भाऊ आणि लग्न होऊन गेलेली तुझी बहीण असे चौघे सारख्या हक्काचे वारस आहेत. तुझा हिस्सा पाव आहे. जो अर्धा तू उदारपणे सोडायला निघाला आहेस त्यातला निम्मा तुझा नाहीच, आणि दोघा भावांनी अर्धे-अर्धे धरताना आई आणि बहीण हिशेबातूनच गळाल्या, याकडे तुझ्या वैराग्याचे लक्ष गेले नाही, हे मला जरा खटकले.

जे आपले आहे तेच सोडता येते, हे सांगायला वकील कशाला लागतो असे तुला वाटेल. पण त्यागाची गाडी बहुतेक वेळा याच जागी अडते. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. त्यातला एक तपशील मात्र कीर्तनात अनेकदा घाईने उरकला जातो: धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी त्याच्या हाती दिली आणि मग स्वतःच्या वाट्याची तेवढीच बुडवली. एवढ्या मोठ्या विरक्तीच्या क्षणीही त्यांनी वाटणी चुकू दिली नाही. मला त्यांच्या त्यागाचे खरे वजन त्या वाटणीत दिसते.

ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे, हे जाबाल उपनिषदातले वचन तू पत्रात दिले आहेस. वचन खरे आहे, आणि ब्रह्मचर्यातून थेट संन्यास घेण्याची मुभाही तिथेच आहे. परंतु त्याच परंपरेत मनूने सहाव्या अध्यायात देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे फेडून मगच मोक्षाकडे मन लावावे असे सांगितले आहे, आणि ऋण न फेडता निघणारा खाली जातो असेही बजावले आहे. या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले; मी त्यात पडत नाही. महाराष्ट्राने मात्र याचे उत्तर एका घरात भोगून पाहिले आहे. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी घरी पत्नी असताना काशीला संन्यास घेतला, गुरूंना ते कळले तेव्हा त्यांनी परत आळंदीला धाडले, आणि पुढे संन्याशाची पोरे म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांना जे सोसावे लागले ते तुला ठाऊक आहे. संसाराला परत आलेल्या विठ्ठलपंतांना छळले ते समाजाने, आणि त्या समाजाचे समर्थन मी करणार नाही. पण रुक्मिणीला विश्वासात न घेता उचललेल्या पावलाची किंमत तिने आणि मुलांनी चुकवली, हेही नाकारता येत नाही.

कायदा संन्यासाकडे कसा पाहतो हे तुला माहीत असायला हवे, कारण आश्रमात गेलो म्हणजे सगळे आपोआप सुटले असा तुझा समज दिसतो. जुन्या हिंदू कायद्यात संन्यास म्हणजे व्यवहारापुरता मृत्यू, सिव्हिल डेथ. माणूस हयात असूनही त्याची मालमत्ता वारसांकडे जाते. पण न्यायालय भगव्या कपड्यांवर भुलत नाही. स्वतःचे श्राद्ध, विरजाहोम, प्रैषमंत्र असे त्या त्या पंथाचे विधी झाले का आणि संसाराशी संबंध खरोखर व कायमचा तुटला का, याचा पुरावा मागितला जातो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातील कलम १३ प्रमाणे जोडीदाराने धार्मिक पंथात प्रवेश करून संसाराचा त्याग केला, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. म्हणजे त्याग करणाऱ्याइतकाच मागे राहिलेल्याचा विचार तिथे झाला आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत शिकवणाऱ्या ख्रिस्ती नन आणि पाद्री यांनी अपरिग्रहाचे व्रत घेतलेले असते व पगार संस्थेकडे जातो, तरी त्या पगारातून प्राप्तिकर कापला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ठरवले. व्रताबद्दल शंका कोणी घेतली नव्हती. ते व्रत सरकारच्या देण्याला लागू पडत नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले.

तुझ्या बाबतीत असे एक देणे आहे. शेडवर बँकेचे कर्ज आहे आणि त्याला तू जामीनदार आहेस. तू हिस्सा सोडलास तरी जामीनकी सुटत नाही. भावाचे हप्ते थकले तर बँकेची नोटीस आश्रमाच्या पत्त्यावर येईल. आईच्या निर्वाहाची जबाबदारीही २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलांवर आहे, आणि ती हक्कसोडपत्राने पुसली जात नाही. आणखी एक: नोंदणी झालेले हक्कसोडपत्र एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण होते हे न्यायालयात सिद्ध करत बसावे लागते. वर्षभराने आश्रम मानवला नाही, तर शेडच्या दारात तू पाहुणा असशील.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, पण राग अजून येतो. बाकावर माहेरी आलेल्या दोघी-तिघी बहिणी बसलेल्या असतात. एकेकीला पुढे बोलावतात, कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा यंत्रावर टेकवायला लावतात. दस्त वाचला का, राजीखुशीने देता ना, असे विचारले की तिने तोंड उघडायच्या आत मागे उभा असलेला भाऊ ‘हो साहेब’ म्हणतो. मग सगळे मिळून हॉटेलात जेवायला जातात आणि बहिणीची साडीचोळीवर बोळवण होते. तिनेही हक्क सोडलाच. कागदावर तुझ्या आणि तिच्या त्यागात तसूभर फरक नाही. नको म्हणण्याची मोकळीक नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या सहीला मी त्याग म्हणत नाही. तुझा भाऊ येत्या दिवाळीला तुझ्या बहिणीची अशीच सही घेणार असल्याचे तू सहज लिहून गेला आहेस. तू आश्रमात गेल्यावर त्या कार्यालयात तिच्या बाजूने कोण उभे राहणार?

त्याग करूच नकोस, असे मला म्हणायचे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कष्टाच्या भीतीने कर्म टाकणे हा राजस त्याग म्हटला आहे. कर्जाचे हप्ते आणि भावाशी रोजची कटकट यांना कंटाळून तू निघाला आहेस की काय, हे तू एकट्याने ठरव, मला सांगू नकोस. खरी ओढ असेल तर रीतसर जा. आपल्याच गावचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन करताना तीस हजार रुपये दिले, आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सारी संपत्ती विश्वस्त निधी करून संघाला वाहिली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला चालली, प्राकृत आणि संस्कृतातले दुर्मीळ ग्रंथ छापले गेले. त्यांची निवृत्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि त्यांनी ती दस्तऐवजात नीट उतरवून ठेवली. जैन गृहस्थाला परिग्रह-परिमाण नावाचे व्रतही आहे: घरात राहूनच, यापुढे एवढ्यावर ठेवायचे नाही, अशी मर्यादा घालून घ्यायची. तुझ्या वयाला ते मला अधिक मानवणारे वाटते. आणि आपले ग्रामदैवत, शिवयोगी सिद्धरामेश्वर तर विरक्त असूनही तळे खोदत राहिले. लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येलाही त्यांनी झिडकारले नाही, तिचा विवाह आपल्या योगदंडाशी लावून दिला, म्हणून तर संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अजून अक्षता पडतात.

तेव्हा सध्या राजीनामा देऊ नकोस; बिनपगारी रजा मिळत असेल तर ती घेऊन आश्रमात काही महिने राहून बघ. मसुदा मी तोवर करणार नाही. त्याआधी चौघांची नावे वारस म्हणून मिळकतपत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, लागू दे, आणि जामीनकीतून मोकळे करण्याविषयी बँकेला लेखी अर्ज दे. भावाने दुसरा जामीनदार दिला तर बँक विचार करील. नंतरही हिस्सा सोडावासा वाटला तर तो कोणाला द्यायचा हे नव्याने ठरव, आईचे नाव त्यात मला भावाच्या आधी सुचते. पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. येताना मिळकतपत्रिकेचा उतारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि कर्जाचे कागद आण, आणि बहिणीला सोबत घेऊन ये, भावाला नको.

तुझा,
काका