‘विषय भारीच पाहिजे’ मधला ‘च’

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली की माझ्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, फिजिक्सच्या प्रेझेंटेशनला कुठलं उपकरण घेऊ?" हा प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कशाला यायचं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. आता वाटत नाही. वर्गापुढे एखादं उपकरण दाखवून दहा मिनिटं बोलायचं, काम एवढंच. पण त्यापायी मुलं झोप घालवून बसतात.

अशाच एका अकरावीतल्या मुलाची ही हकिकत. ओळख लपावी म्हणून तपशील बदललेत, चार भेटी एकीत घातल्यात. सोबत आई होती. "जेवताना पण मोबाईलमध्ये तेच बघतोय. पंधरा विषय झाले, एक पसंत पडंना."

यादी पाहिली. टेस्ला कॉईलवर काट, कारण ती दुसऱ्यानं घेतली. मेघपेटीवर काट, कारण कोरडा बर्फ आणायचा कुठून? व्हॅन डी ग्राफ महाग. शेवटी क्रूक्सचं रेडिओमीटर, म्हणजे उजेड पडला की फिरणारं चक्र. त्यावर दोनदा काट.

"हे का नको?"

"ते मागवलंय मॅडम. आलं पण. पण नको."

पैसे घालून मागवलेली वस्तू मुलगा नको म्हणतो, तेव्हा मी कान टवकारते. म्हटलं, उद्या घेऊन ये.

टॉवेलात गुंडाळून आणलं त्यानं. बल्बएवढी काचेची कुपी, आत सुईच्या टोकावर चार हलकी पातळ पानं. प्रत्येक पानाची एक बाजू काळी, दुसरी चकचकीत. खिडकीत चारचं ऊन होतं, तिथं ठेवलं. पानं क्षणभर थबकली आणि मग इतकी गरगरली की ती चार आहेत हेही कळेना. आपलं ऊन, त्याला काय कमी! मुलाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"मॅडम, उजेड काळ्या बाजूत शोषला जातो, चकचकीत बाजूवरून परत फिरतो. म्हणजे चकचकीत बाजूला धक्का दुप्पट. तिला मागं ढकलायला पाहिजे. पण ढकलली जाते काळी. उलटंच फिरतंय. कुणी विचारलं तर काय सांगू? उत्तर आलंच पाहिजे ना."

इथं मला धागा सापडला. त्याला भारी उपकरण नकोच होतं. ज्यावर प्रश्नच येणार नाही, असं उपकरण तो शोधत होता. तसं जगात एकही नाही, म्हणून यादी संपत नव्हती.

मी अल्बर्ट एलिस या मानसतज्ज्ञाच्या पठडीतली. माणसाचा जीव प्रसंगापेक्षा त्यानं स्वतःला घातलेल्या सक्तीनं जास्त घुसमटतो, असं मानणारी. मराठीत ही सक्ती एका अक्षरात मावते, आणि इतक्या वर्षांत ते अक्षर ऐकायला माझे कान चांगले तयार झालेत. त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं: ‘विषय भारीच पाहिजे. उत्तर आलंच पाहिजे. सरांना आवडलंच पाहिजे.’ मग म्हटलं, प्रत्येक ‘च’ खोड आणि मोठ्यानं वाच.

त्यानं वाचलं. थांबला. हसला. "हे तर व्याकरण झालं मॅडम."

"होय. पण झोप तेच उडवतंय."

मी मूळची फिजिक्सची पदवीधर, तेव्हा पुढं थोडं मिरवून घेतलं. विल्यम क्रूक्स हा इंग्रज शास्त्रज्ञ थॅलियम या धातूचं अचूक वजन करत होता. निर्वात पेटीतला तराजू उजेड पडला की चळायचा. त्या कटकटीतून 1873 च्या सुमारास हे खेळणं निघालं. उजेडच ढकलतो, असं क्रूक्सला वाटलं. खुद्द मॅक्सवेल या थोर भौतिकशास्त्रज्ञानंही आधी ते मानलं. पण चक्र फिरत होतं उलट दिशेनं! आतली हवा पुरती काढली तर ते फिरत नाही, नेहमीची हवा भरली तरी नाही. आत जी थोडी विरळ हवा उरते, ती पानाच्या कडेनं थंड बाजूकडून तापलेल्या काळ्या बाजूकडे सरकते, आणि पान उलट ढकललं जातं. रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल यांनी हे 1879 मध्ये मांडलं.

"म्हणजे मॅक्सवेललासुद्धा पहिल्या दिवशी येत नव्हतं?"

"नव्हतं."

तो बराच वेळ पानांकडे बघत बसला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं, आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात अवघड काम. मग स्वतःशीच म्हणाला, "सुरुवातच अशी करतो. हे उलटं का फिरतंय, तुम्ही सांगा."

पालकांनो, उपकरण मोठं की छोटं, हे सोडा. मुलाला त्यातला कुठला प्रश्न छळतोय, ते विचारा. शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीनं वडिलांच्या यंत्रमागावरचा छोटा काटा घेतला होता. आडवा धागा असला की तो काट्याला ढकलतो आणि माग चालू राहतो. धागा तुटला की काटा तसाच राहतो, हातोडीच्या दांड्यात अडकतो आणि माग बंद पडतो. नुसती तरफ. पण धागा तुटल्याचं मागाला कळतं कसं, हे तिला लहानपणापासून छळत होतं, म्हणून ती छान बोलली. आणि घरी तालीम घ्याल तेव्हा उत्तरं पाठ करून घेऊ नका. ‘हे मला माहीत नाही, बघून सांगतो’ हे वाक्य मान खाली न घालता म्हणायची तालीम घ्या. रेडिओमीटरवाल्या त्या मुलासोबत आम्ही ते सहा वेळा केलं. पहिल्या तीन वेळा त्याचा आवाज फुटेना.

प्रेझेंटेशनला मागच्या बाकावरून प्रश्न आलाच: फ्रीजमध्ये ठेवलं तर काय होईल? तो म्हणाला, "माहीत नाही. बघून सांगतो."

रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. ‘मॅडम, फ्रीजरमध्ये ठेवलं. थोडा वेळ उन्हात फिरतं त्याच्या उलट्या दिशेनं फिरलं! काळी बाजू लवकर गार होते, म्हणून. आई ओरडतीय, दार उघडं ठेवलं म्हणून.’