वाचक विचारतात : थोरल्याचं रान, धाकट्यांचं देणं

गेल्या अंकात मी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या निकोलस ब्लंडेल या जमीनदाराबद्दल लिहिलं होतं. लिटल क्रॉस्बी हे त्याचं गाव. १७०२ साली वडील गेले, कारभार त्याच्याकडे आला आणि त्याच वर्षापासून १७२८ पर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. दिवसाला दोन-चार ओळी : कोण भेटायला आलं, कुठल्या रानात काय काम चाललं, कुणाशी हिशेब झाला. सोलापूरच्या कोर्टात मी चाळीस वर्षं वाटपाचे दावे चालवले. माझ्यासारख्याला असा कागद सापडला की रात्रीची झोप लांबते. तुमची पत्रं बरीच आली. त्यांतली तीन इथे घेतो.

प्रश्न : गावचं गाव मालकीचं असूनही त्या काळातले इंग्रज जमीनदार बहिणीच्या लग्नासाठी आणि धाकट्या भावाच्या सोयीसाठी कर्ज काढताना दिसतात. चार तुकडे विकून मोकळे का होत नव्हते? आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की आधी बांधाकडचं एकर जातं.
— एक वाचक, बाळे

विकता येत नव्हतं, कारण कागदावर ती जमीन बहुतेक वेळा त्याची नसायचीच.

तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. वकिलीच्या अभ्यासात मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं. सतराव्या शतकाच्या मध्यावर, यादवी युद्धाच्या धामधुमीत, तिथल्या वकिलांनी एक दस्त घडवला. त्याला ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ म्हणतात. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी तो व्हायचा. त्यात लिहिलेलं असे : बापाला जमिनीचा उपभोग तहहयात, त्याच्या माघारी थोरल्या मुलाला, त्यालाही तहहयातच, आणि खरा वारसा त्या मुलाला होणाऱ्या, अजून जन्मालाही न आलेल्या थोरल्या मुलाचा. त्या न जन्मलेल्या पोराचा हक्क राखायला विश्वस्त नेमलेले असत. वाड्यात राहणारा, खंड खाणारा, गावात मान घेणारा मालक हा कायद्याने एका पिढीचा राखणदार. त्याने मुदतीने कुळं ठेवावीत, साधारण एकवीस वर्षांचे पट्टे द्यावेत. पण तुकडा तोडून विकायचा अधिकार दस्तात लिहिलेला नसेल तर त्याला तो नाही.

मग तो नातू एकवीस वर्षांचा झाला की? तेव्हा बाप-लेक मिळून कोर्टातून ही गाठ सोडवू शकत. माझं मन इथे नेहमी अडकतं. बाप पन्नाशीचा, मुलगा नुकता सज्ञान, लग्नाला आलेला आणि खिशात दमडी नाही. बाप हयात आहे तोवर त्याला खंडातला पैसा मिळणार नाही. मग बाप म्हणतो, तुला दरसाल अमुक रक्कम बांधून देतो, तू नव्या दस्तावर सही कर. पोरगा सही करतो. त्या सहीने तो पुन्हा तहहयात राखणदार होतो आणि मालकी पुढच्या न जन्मलेल्या पोराकडे सरकते. दर पिढीला हाच कागद, हीच सही. आपल्या मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मताच हिस्सेदार होतो आणि मोठेपणी ‘माझं वाटून द्या’ म्हणू शकतो. तिथे त्याच्याकडून फक्त संमती हवी असे. वाटणी मागायची सोयच नव्हती.

आता कर्जाकडे येऊ. त्याच दस्तात घरातल्या बाकीच्यांचंही लिहिलेलं असे. थोरल्याच्या बायकोने माहेरून जी रक्कम आणली, तिच्या बदल्यात ती विधवा झाल्यावर तिला दरसाल ठरावीक पैसा, म्हणजे ‘जॉइंचर’. त्या काळी साधारण चाल अशी की हजार पौंड आणले तर वर्षाला शंभर पौंड. धाकटे मुलगे आणि मुली यांना जमीन नाही, पण प्रत्येकाला एक रक्कम ठरलेली, तिला ‘पोर्शन’ म्हणत. मुलीला ती लग्नात द्यायची. धाकट्याला त्यातून लंडनच्या व्यापाऱ्याकडे शिकाऊ म्हणून चिकटवायचा, नाहीतर वकिलीला, फौजेत किंवा चर्चच्या नोकरीत घालायचा. रोकड कुणाकडेच नसे. ती उभी करायला जमीन गहाण पडे.

मी वहीत मांडून पाहिलं. आकडे नमुन्याचे आहेत, दर मात्र त्या काळातले. समजा वर्षाचा खंड १,००० पौंड. विधवा आईला २०० द्यायचे. फ्रान्सशी लढाई चालू असताना जमिनीवरचा कर पौंडाला ४ शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा. पुरती आकारणी झाली तर आणखी २०० गेले. दोन बहिणींचे प्रत्येकी १,५०० देण्यासाठी ३,००० गहाणावर घेतले. १७१४ पर्यंत कायद्याने व्याजाची कमाल ६ टक्के होती, म्हणजे १८० गेले. राहिले ४२०. त्यात वाड्याची डागडुजी, नोकरचाकर, पाहुणे, दुष्काळी साली कुळांची थकबाकी. १७१४ पासून व्याजाची कमाल ५ टक्क्यांवर आली. ज्याला नव्या दराने गहाण बदलून घेता आलं त्याचे वर्षाचे ३० पौंड वाचले, आणि अशा घरांना तेवढ्यानेही हायसं वाटलं असेल. मुद्दल मात्र तसंच राही. व्याज वेळेवर दिलं तर तिथली न्यायालयं जमीन सावकाराच्या घशात जाऊ देत नसत, त्यामुळे बापाच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज नातवाच्या काळातही चालू असे. आणि हा सावकार पुष्कळदा कोण? एखादी विधवा, एखादा पाद्री, एखादी अविवाहित बाई. ज्यांना आपल्या शिल्लकीवर बिनघोर व्याज हवं होतं अशी माणसं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठे जमीनदार लंडनला राहत आणि गावचा कारभार दिवाणजी पाही. खंड वर्षातून दोनदा, २५ मार्च आणि २९ सप्टेंबरच्या सणांना. पण जमलेली चांदी लंडनला न्यायची कशी? वाटेत दरोडेखोर. म्हणून दिवाणजी ती रोकड गुरांच्या व्यापाऱ्याला देई. तो गुरं हाकत लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात जाई, तिथे विकून आलेला पैसा मालकाला पोचता करी. गावात दिलेल्या रकमेची लंडनला चिठ्ठी. आपल्या पेठेतल्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल, हुंडीच ती.

ब्लंडेल मात्र गावातच राहिला आणि म्हणून मला तो आवडतो. रानात चुनखडीची माती टाकून कस वाढवायची त्या भागात रीत होती. १७१२ साली त्याने मोठी खाण उघडली, गाड्यांनी माती रानात टाकली आणि काम संपल्यावर खाणीवर फुलांच्या माळा लावून गावाला नाचगाणं दिलं. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानात बहात्तरच्या दुष्काळानंतर पाझर तलावातला गाळ टाकला होता. शेवटची बैलगाडी रिकामी झाली तेव्हा आजीने बैलांना ओवाळलं आणि सगळ्या गड्यांना पुरणपोळी घातली. त्या वर्षीची मालदांडी माझ्या डोक्याच्या वर गेली होती.

प्रश्न : ब्लंडेलला दोन मुलीच होत्या असं तुम्ही लिहिलंत. मग मालमत्ता कुणाकडे गेली? दुसरं म्हणजे, माझे सासरे म्हणतात की थोरल्यालाच सगळं द्यायची इंग्रजांची पद्धत आपल्याकडे असती तर आज गुंठ्यागुंठ्यावरून भांडणं झाली नसती. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

ब्लंडेलला मुलगा झाला नाही. मेरी आणि फ्रान्सिस या दोन मुली. त्यात तो कॅथलिक, म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर आलेला. जमिनीचा कर त्याच्या पंथाला दुप्पट होता. पदच्युत कॅथलिक राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवायला १७१५ चं बंड झालं तेव्हा झडत्या चुकवायला त्याला घरातच लपावं लागलं आणि पुढे १७१६-१७ मध्ये तो फ्लँडर्सला जाऊन राहिला. अशा माणसाच्या माघारी गाव टिकलं हेच विशेष. धाकट्या मुलीच्या मुलाने आजोळचं ब्लंडेल आडनाव घेतलं आणि घराणं त्याच नावाने पुढे चाललं. आपल्याकडे मुलीचा मुलगा दत्तक घेऊन घराणं चालवत, त्याच्याच जवळचं हे.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं दुःख मला ठाऊक आहे. सतरा गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात पाठमोरे बसलेले मी रोज पाहिलेत. पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. तिथे जमीन अखंड राहिली ती फुकट राहिली नाही. थोरला आयुष्यभर व्याज भरत राहिला आणि धाकटा जन्मल्या दिवसापासून पाहुणा. ब्लंडेल तिथे रोजनिशी लिहीत होता त्याच काळात आपल्याकडे पाटीलकीसारखी वतनंसुद्धा वाटली जात, निम्मी पाटीलकी विकल्याचे कागद आहेत. भांडणं तेव्हाही होती. पण भाऊ हा भाऊच होता, आश्रित नव्हता.

मला त्या इंग्रजी दस्तातली एकच गोष्ट हवीहवीशी वाटते : मुलीची रक्कम लग्नाआधी, कधी तिच्या जन्माआधीच, कागदावर लिहिलेली असे. भाऊ देईना तर विश्वस्त होते, चॅन्सरी न्यायालय होतं. अर्थात लग्न झाल्यावर तो पैसा कायद्याने नवऱ्याचा होई. वेगळा विश्वस्त नेमला असेल तरच बाईच्या हाती काही राही. सगळं गोड नव्हतं. तरी तिचा हक्क कुणाच्या मर्जीवर नव्हता, शाईत होता.

आमच्या अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी आत्या. आजोबा वारले तेव्हा १९५६ चा कायदा होऊन काही वर्षं झाली होती आणि आजोबांच्या हिश्श्यात तिचा वाटा होता. माझ्या थोरल्या चुलत्यांनी तिला पंचमीला बोलावलं, इरकल घेतलं आणि तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. कागदात काय आहे ते कुणी तिला वाचून दाखवलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो, बैलगाडीत तिच्या शेजारी बसून गेलो होतो. पुढे नवरा गेल्यावर ती दोन पोरं घेऊन माहेरी आली आणि ज्या विहिरीवर तिचा वाटा होता त्याच विहिरीवर भांगलणीच्या रोजाने राहिली. वकील झाल्यावर मी तो दस्त काढून वाचला. कायद्याने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, मुदतही टळून गेली होती. चुलत्यांशी त्यानंतर माझं बोलणं राहिलं नाही.

म्हणून सांगतो, सासऱ्यांना विचारा की थोरल्याला सगळं, तर मग बाकीच्यांचं काय लिहून ठेवायचं? महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा मिळाला. तो वाटून बांध घालायचा, की रान एकाने कसून दुसऱ्याला त्याच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे, हे घराने बसून ठरवता येतं. दुसरी वाट धरली तर रक्कम, मुदत आणि तारण तिन्ही नोंदणी केलेल्या दस्तात येऊ द्या. सासरे हयात आहेत, सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं आहे, तेवढ्यातच करा. आणि सही करण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईला तो कागद मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : मी एम.ए.ला आहे. १७१० च्या आसपासची इंग्रजी पत्रं वाचताना एका घराण्याच्या पत्रांत डिसेंबर १७१० नंतर फेब्रुवारी १७१० येतो. नकलणाऱ्याची चूक समजायची का?
— एक विद्यार्थिनी, नवी पेठ

चूक नाही, नकलणाऱ्याने बरोबर उतरवलं आहे. इंग्लंडात १७५१ सालापर्यंत कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. आपला शक पाडव्याला बदलतो, तसं समजा. त्यामुळे डिसेंबर १७१० नंतरचे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे सगळे त्यांच्या लेखी १७१० चेच. आपल्या हिशेबाने ते १७११ चे. मोडी कागद वाचताना सुहूर सन मृगाला बदलतो हे लक्षात ठेवावं लागतं, तशीच ही सवय करायची.

आणखी एक मेख आहे. युरोपातल्या पुष्कळ देशांनी सुधारलेलं कॅलेंडर आधीच घेतलं होतं आणि अठराव्या शतकात इंग्लंड त्यांच्या ११ दिवस मागे होतं. कुणी फ्लँडर्सहून पत्र लिहिलं असेल तर तारीख कुठल्या पद्धतीची ते आधी पाहा, नाहीतर उत्तर पत्राच्या आधी पोचल्यासारखं दिसेल. १७५२ साली इंग्लंडने हा फरक मिटवला. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर धरला.

तुमच्या टिपणवहीत अशा तारखांना दोन्ही सालं लिहा, मध्ये तिरकी रेघ देऊन : १० फेब्रुवारी १७१०/११. त्या काळातले काळजीवाले कारकूनही असंच लिहीत.