सगळं कंट्रोलरच सांभाळतो, मग हरितगृहात पीक-शरीरक्रियाशास्त्राचा माणूस करतो तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वनस्पतिशास्त्राची पदवी झाली आहे, हरितगृह आणि बंदिस्त शेतीसाठीच्या (बंद खोलीत दिव्यांखाली केलेल्या शेतीसाठीच्या) पीक-शरीरक्रियाशास्त्रात पुढे जायचा विचार आहे, पण तापमान, आर्द्रता, प्रकाश, खत हे सगळं कंट्रोलर नावाचं यंत्रच बघत असेल तर माणसाला काम उरतं का? मी हा विषय शिकवतो आणि त्यातच संशोधन करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंट्रोलर खोली सांभाळतो. त्याचा सेन्सर खोलीच्या मधोमध कुठेतरी टांगलेला असतो. रोप मात्र जगतं ते पानाला चिकटलेल्या मिलिमीटरभर हवेच्या थरात. सेन्सरपाशी जे आहे ते पानापाशी असेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा नसतंच. आमचं निम्मं काम या तफावतीचं आहे.

शिकवायला मी सुरुवात लेट्यूसपासून करतो. गड्डा भरायला लागला की आतल्या सगळ्यात कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात, मग काळ्या पडून करपतात. बाहेरून गड्डा हिरवागार, टवटवीत. दोन पानं बाजूला केली की आत हा प्रकार. करपलेले दोन-चार गड्डे मी वर्गात टेबलावर ठेवतो आणि काय कमी पडलं ते विचारतो. पुस्तक वाचलेली मुलं लगेच कॅल्शियम म्हणतात. बरोबर आहे. मग मी पोषक द्रावणाचा अहवाल पुढे करतो. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. बाहेरच्या जुन्या पानाचं पृथक्करण दाखवतो, तिथेही भरपूर. फक्त आतल्या कोवळ्या पानात नाही. म्हणजे पाण्यात आहे, मुळाने घेतलंय, वर चढलंय, आणि नेमकं हवं तिथे पोचलेलं नाही. इथे वर्ग शांत होतो. या शांततेसाठीच मी हा तास घेतो म्हणा ना.

कॅल्शियम झायलेममधून, म्हणजे जलवाहिन्यांतून, पाण्याबरोबर जातं. पाणी जातं जिथून बाष्प उडतंय तिकडे. बाहेरचं मोठं पान वाऱ्यावर असतं, दिवसभर पाणी उडवतं, त्यामुळे पाणीही त्याच्याकडे आणि कॅल्शियमही त्याच्याकडे. एकदा तिथे बसलं की ते माघारी येत नाही, कारण फ्लोएम, म्हणजे अन्नवाहिन्या, त्याला जवळजवळ वाहूनच नेत नाहीत. नत्राचं तसं नाही. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून नत्राची कमतरता खालच्या पानांवर दिसते आणि कॅल्शियमची शेंड्यावर. आता गड्ड्याच्या आतलं कोवळं पान बघा. चारी बाजूंनी झाकलेलं, भोवतीची हवा ओलीचिंब, बाष्पोत्सर्जन जवळपास बंद. पाणी उडत नाही म्हणून पाणी येत नाही, पाणी येत नाही म्हणून कॅल्शियमही येत नाही. आणि वाढ मात्र त्याच पानाची सगळ्यात वेगाने चाललेली, पेशीभित्ती बांधायला कॅल्शियम त्यालाच हवं. म्हणून हा रोग, खरं तर हा रोगच नाही, उत्तम वाढणाऱ्या पिकाला जास्त होतो. प्रकाश वाढवा, कार्बन डायऑक्साइड वाढवा, पीक झपाट्याने वाढतं आणि करपणंही वाढतं.

उपाय म्हणून द्रावणात आणखी कॅल्शियम ओतणारे मी खूप पाहिलेत. फवारणी करणारेही पाहिलेत. ती बाहेरच्या पानांवर पडते, आत जात नाही. जपानच्या गोटो आणि ताकाकुरा यांनी 1992 साली साधी गोष्ट केली: आतल्या पानांवर थेट हवा सोडली. करपणं थांबलं. आज बऱ्याच बंदिस्त शेतांत वरून खाली, थेट गड्ड्यावर वारा मारायची सोय असते, ती याच कारणाने.

दुसरा उपाय रात्रीचा. रात्री हवेतली आर्द्रता चढू दिली की पानं पाणी उडवत नाहीत, पण मुळं आत घेतच राहतात. आतला दाब वाढतो आणि हा मूलदाब पाणी सगळीकडे सारखं ढकलतो, झाकलेल्या पानातसुद्धा. दिवे लागण्याआधी मुलांना खोलीत नेलं की पानांच्या कडांवर ओळीने थेंब उभे असलेले दिसतात. पुस्तकात याला गटेशन म्हणतात. नवखा माणूस ते दव समजतो, एखादा घाबरून बुरशीनाशक शोधायला लागतो. ते थेंब दिसले की मी खूश असतो, त्या रात्री कॅल्शियम आत पोचलेलं असतं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं त्याच्या मुळाशीही बऱ्याच अंशी हीच गोष्ट आहे, ती परत सांगत नाही.

आता आकड्यांकडे. हवा 25 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असं कंट्रोलर दाखवतोय. 25 अंशांना हवा जास्तीत जास्त 3.17 किलोपास्कल बाष्पदाब धरते, म्हणजे प्रत्यक्षात 2.22 आहे आणि तूट 0.95. या तुटीला सगळे व्हीपीडी म्हणतात आणि ती बघून खूश होतात. पण पाणी उडतं पानाच्या आतून, आणि तिथला दाब पानाच्या तापमानावर ठरतो. पान 23 अंशांवर असेल तर आतला दाब 2.81, म्हणजे खरी ओढ 0.59. पान 27 वर असेल तर 3.57, ओढ 1.35. पडद्यावरचा आकडा तोच आणि पानावरची ओढ दुपटीहून जास्त. एक साधा इन्फ्रारेड तापमापक हातात घेऊन फिरलात तर पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी कळतात.

सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले आणि पीक मंदावलं, अशी तक्रार हमखास येते. लोक रंगाला दोष देतात. सोडियमचा दिवा प्रकाशाबरोबर उष्ण किरणांचा मारा पानावर करतो, पान हवेपेक्षा गरम राहतं. एलईडीची उष्णता दिव्याच्या पाठीकडून निघून जाते. हवेचं सेटिंग तेच ठेवलं तर पान आधीपेक्षा थंड होतं, आणि नवी पानं किती वेगाने फुटतात हे तापमानावर ठरतं. अंशभर-दोन अंशांनी हवा वाढवली की बरीचशी तक्रार मिटते.

प्रकाशाबद्दल एकच आग्रह: लक्स मीटर बाजूला ठेवा. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी आहे, डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. रोपाला मोजावे लागतात 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले ते (मोल हे फोटॉन मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). कडक उन्हात हा आकडा 2000 च्या आसपास जातो. बंदिस्त शेतात 200 मायक्रोमोल 16 तास दिले तर दिवसाची बेरीज साडेअकरा मोल होते. कॉर्नेल विद्यापीठाने लेट्यूससाठी दिवसाला 17 मोलांचं लक्ष्य सांगितलं होतं. दिवसाची बेरीज बघायची सवय लागली की निम्मे वाद आपोआप मिटतात.

हिरवा प्रकाश रोपाला नकोच असतो, हा समज मात्र जाता जात नाही. क्लोरोफिल काचेच्या नळीत विरघळवून काढलेला आलेख शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. पण पान म्हणजे नळी नव्हे. मॅक्री यांनी 1972 मध्ये 22 पिकांच्या अखंड पानांवर मोजमाप केलं, तेव्हा हिरव्याची कामगिरी लाल रंगापेक्षा थोडी कमी निघाली, शून्याजवळ मुळीच नाही. शिवाय हिरवा पानात आणि पिकाच्या दाटीत खोलवर उतरतो. मधल्या काळातली, फक्त लाल-निळे दिवे लावलेली ती गुलाबी-जांभळी बंदिस्त शेतं आठवतात ना? त्या उजेडात काम करणाऱ्याला पान पिवळं पडलंय की निरोगी आहे हेच कळायचं नाही. पांढऱ्या दिव्यांकडे परत वळण्यामागे माणसाच्या डोळ्यांचाही वाटा आहे.

दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो, दिवे 24 तास का लावत नाहीत? लेट्यूस बऱ्यापैकी सोसतं. टोमॅटो सोसत नाही, पानं पिवळी पडतात, ठिपके पडतात. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने रानटी टोमॅटोतल्या सहनशीलतेचा माग काढत सीएबी-13 या जनुकापर्यंत मजल मारली. प्रश्न भाबडा वाटला तरी उत्तर शोधायला अनेक दशकं लागली, म्हणून मी त्या विद्यार्थ्याला हसत नाही.

संशोधनाचं म्हणाल तर माझी स्वतःची एक फजिती सांगतो, त्यातून कामाचं स्वरूप कळेल. दोन खोल्या, एकीत निळा प्रकाश जास्त, दुसरीत कमी. प्रत्येकीत 60 रोपं. फरक इतका ठळक आला की मी लेख लिहायला घेतला. एका वरिष्ठ सहकाऱ्याने विचारलं, ‘‘दिवे अदलाबदल करून पाहिलेस?’’ मनात नसताना केलं. दिवे बदलले तरी जिंकणारी खोली तीच राहिली. शोधत गेलो तेव्हा हरणाऱ्या खोलीत हवेच्या नळीचं तोंड थेट मधल्या फळीवर निघालं; तिथली पानं दीड अंशाने थंड होती. आठ महिने पाण्यात. चूक सर्वस्वी माझी. 60 रोपं म्हणजे 60 पुनरावृत्त्या असं मी धरून चाललो होतो, पण प्रकाश खोलीला दिला होता, रोपाला नाही. म्हणजे माझ्याकडे पुनरावृत्ती होती एक. हे संख्याशास्त्र शिकताना सगळ्यांना कळतं आणि खोल्या महाग असल्यामुळे सगळे सोयीने विसरतात. लेख वाचताना मी निष्कर्षाआधी खोल्या किती होत्या ते बघतो.

या क्षेत्रात भूलथापाही भरपूर आहेत, तेव्हा एक हिशेब जवळ ठेवा. चांगला एलईडी एका ज्यूलला सुमारे 3 मायक्रोमोल देतो, म्हणजे एक मोल प्रकाशाला साधारण 0.09 युनिट वीज. चांगल्या हाती पिकाने एका मोलाला एक ग्रॅम सुकं वजन दिलं असं उदारपणे धरू. लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणी, किलोला सुकं वजन फक्त 50 ग्रॅम. म्हणजे 50 मोल, साडेचार युनिट, फक्त दिव्यांचे. आता गहू घ्या. किलोभर दाण्यासाठी काड-मुळासकट दोन किलो सुकं वजन, म्हणजे 2000 मोल आणि 185 युनिट. बगबी आणि सॅलिस्बरी यांनी 1988 मध्ये गव्हाला कडक उन्हाइतका प्रकाश रोज 20 तास देऊन चौरस मीटरला दिवसाला 60 ग्रॅम दाणा काढला होता. शेतातल्या कुणालाही हेवा वाटावा असं उत्पादन, पण भाग करून बघा, किलोला मोलांचा आकडा दोन हजारांच्या वरच जातो. पिकाची क्षमता किती आहे हे त्या प्रयोगाने दाखवलं. विजेचं बिल कोण भरणार हा प्रश्न वेगळा. दिव्याखाली धान्य पिकवून जग पोसू असं कुणी सांगितलं की मी हा हिशेब कागदावर मांडतो आणि कागद त्याच्याकडे सरकवतो. हरितगृहाचा हिशेब पुष्कळ बरा असतो, तिथे मुख्य प्रकाश फुकट येतो.

तर यावं का? वनस्पतिशास्त्र तुमच्याकडे आहेच; कमी पडेल ते भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र. उष्णतेचं संतुलन, बाष्पदाब, हवेचा प्रवाह यांची धास्ती असेल तर आधी ती घालवा. नळ गळतोय, पंप हवा धरतोय, सामूचा प्रोब बिघडलाय अशा कामांत दिवसाचे दोन तास जातात, ते कमीपणाचे वाटले तर हे क्षेत्र तुमचं नाही. नोकऱ्यांवर मी बोलत नाही; दोन-चार वर्षांत चित्र बदलतं आणि माझा अंदाज आजवर चुकतच आलाय.

ठरवण्याआधी एक करून बघा. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू मिळवा. कुंडीतलं एक रोप घ्या, माती प्लास्टिकने बुंध्यापर्यंत घट्ट झाका, म्हणजे पाणी फक्त पानातून जाईल. रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी दिवा लावा आणि दर पाच मिनिटांनी वजन लिहा. दिवा लागल्या क्षणी वजन घटायला लागेल अशी तुमची अपेक्षा असेल. पहिले काही आकडे जवळपास तसेच राहतील, तराजू बिघडला असं वाटेल, मग हळूहळू उतरण सुरू होईल आणि अर्ध्याएक तासात ती एका वेगावर येईल. पर्णरंध्रं उघडायला इतका वेळ लागतो. मग मधेच टेबलफॅन लावा आणि उतरण वाढते की कमी होते ते बघा. दोन्ही होऊ शकतं. तुमच्याकडे काय झालं ते खाली कळवा, पानाचं तापमान मोजलं असेल तर तेही लिहा, म्हणजे कारण शोधता येईल.