निगेटिव्ह रिपोर्टवर जाऊ नका, आधी कशाची टेस्ट केली ते विचारा

खारघरवाल्या ताई, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. अँथुरियमच्या पानांच्या कडेला तेलकट डाग, भोवती पिवळं, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी लॅब टेस्ट) निगेटिव्ह आणि तरी आठवड्याला दोन-तीन कुंड्या जातायत, हे सगळं मी घोडबंदर रोडच्या माझ्या शेडनेटमध्ये भोगलंय. पाणी-खताचं तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही.

रिपोर्टवर कुठल्या जंतूची टेस्ट केली ते लिहिलंय का? माझ्या रिपोर्टवर नुसतं 'नॉट डिटेक्टेड' होतं. मी फॉर्मवर 'बॅक्टेरियल रोगाची तपासणी' एवढंच खरडलं होतं, तीच घोडचूक. पीसीआरला सगळे जंतू दिसत नाहीत, ज्याचे प्रायमर (त्या जंतूचा डीएनए हुडकणारे छोटे तुकडे) टाकले तेवढाच दिसतो. मी निगेटिव्ह बघून खूश, त्याच सुरीने चांगल्या झाडांचे फुटवे वेगळे केले आणि दीड महिन्यात शंभरच्या वर कुंड्या कचऱ्यात. त्या लॅबच्या ऑफिसला (नाव घेत नाही) फोन करकरून दमलो, साहेब मीटिंगमध्ये, मॅडम रजेवर, शेवटी एक मुलगा म्हणाला, काका आम्ही राल्स्टोनिया बघतो, टोमॅटो-वांग्याच्या मर रोगाचा. अरे मग फॉर्मवर 'अँथुरियम' लिहिलेलं कोणी वाचलं की नाही! राल्स्टोनिया अँथुरियमलाही होतो, मान्य, पण कडेचे डाग म्हटलं की पहिला संशय झँथोमोनास या बॅक्टेरियावर. पहाटे पानाच्या कडेला थेंब येतात ना, तिथल्या छिद्रांतूनच तो आत शिरतो.

सॅम्पल पुन्हा द्याच, पण फवारणीच्या आधी. वाळलेलं पान देऊ नका, ताज्या डागाची कड घ्या, अर्धं हिरवं अर्धं डागाळलेलं. टिश्यूत गुंडाळून कागदी पाकिटात, ओल्या प्लॅस्टिकमध्ये नको, नाहीतर पोचेपर्यंत कुजतं आणि भलतेच जंतू माजतात. शनिवारी कुरियर करू नका. आणि लॅबला विचारा, इंटर्नल कंट्रोल (टेस्ट मुळात नीट चालली का हे दाखवणारी सोबतची तपासणी) लावता का? पानातल्या फिनॉलसारख्या गोष्टींनी रिअ‍ॅक्शन अडते, मग जंतू असूनही निगेटिव्ह. उलटही होतं बरं का, मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो, म्हणून औषध मारल्यावर लगेच टेस्ट करून 'गेला की नाही' बघण्यात अर्थ नाही.

मी काही पॅथॉलॉजिस्ट नाही, हात पोळलेला नर्सरीवाला आहे, तेव्हा आपापल्या जबाबदारीवर घ्या. माझं मत विचाराल तर रिपोर्टची वाट बघू नका, डागाळलेल्या कुंड्या आजच बाजूला काढा, वरून पाणी घालणं बंद, सुरी दर झाडाला स्पिरिटने पुसा. पानं धडधाकट दिसली तरी आत रोग असू शकतो, म्हणून शेजारच्या कुंड्याही सध्या कुणाला देऊ नका.

ओळखीत कॉलेजचा मायक्रोस्कोप असेल तर डागाच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून बघा, कापलेल्या बाजूने धुरासारखं काही बाहेर पडताना दिसलं तर बॅक्टेरियाच. कुठला ते मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी पुन्हा लॅबच, पण या वेळी फॉर्मवर जंतूचं नाव लिहून.